ब्याण्णव खाली, एक्याण्णव वर

३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (विनंती या खेपेला खरोखरच विशेष आहे.)

काल, मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी एका स्वेटरचा धागा कापला आणि तेव्हापासून माझं काही खरं नाही. वेळ इतकी नक्की कशी, म्हणशील. कापल्यावर तोंड लपवायला मी भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत राहिलो होतो.

आता नीट सांगतो. कॉलेज अर्ध्यात सोडल्यावर मी या चष्म्याच्या दुकानात लागलो, हे तुला माहीत आहेच. दुकान तळमजल्यावर, वर दाताचे डॉक्टर, जिना दोघांत एक. डॉक्टरांच्या हाताखाली एक मुलगी काम करते. मी तिला मनातल्या मनात दातवाली म्हणतो. तिला पाहायला मिळावं म्हणून चार महिने मी दिवसातून पाच-सहा वेळा तो जिना पुसतो. मालकांना वाटतं पोरगं कष्टाळू आहे. आत्या, हसू नकोस. मला रात्री झोप येत नाही आणि दिवसा भूक लागत नाही. काल तर मी एका आजोबांना दोन्ही डोळ्यांना डावीच काच बसवून दिली.

तर काल ती डॉक्टरांचा चष्मा घेऊन खाली आली. दांडीचा स्क्रू ढिला झाला होता. ती पाठमोरी उभी राहिली आणि मला दिसलं, की तिच्या स्वेटरच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, लोकरीचा एक फासा बाहेर आलाय, बोटभर. आमच्या धंद्यात जे बाहेर येतं ते कापतात. स्क्रू बसवला की त्याचं उरलेलं टोक बारक्या कटरनं उडवायचं. कटर हातात होता. हात आपोआप गेला. मला वाटलं, केवढा मी नीटनेटका. मग तिनं फळीवरची डबी घ्यायला हात वर केला आणि ती ओळ अशी उघडत गेली, अशी उघडत गेली, की मला तिच्या ब्लाउजचा रंग कळला. पिवळा.

तो स्वेटर तिच्या वडिलांनी विणलाय. ते रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून बसून त्यांनी तो दोन वर्षांत पुरा केला. अठ्ठावीस तारखेला ते तिच्याकडे येणार आहेत, आणि आले की आधी स्वेटरवर अंगठा फिरवून तपासतात, मग लेकीची चौकशी करतात. हे सगळं ती अगदी शांतपणे म्हणाली. मग तितक्याच शांतपणे विचारलं, की मी तुम्हाला कापायला सांगितलं होतं का.

माझं डोकं तुला ठाऊक आहे. चूक माझी असली की ते जास्तच तापतं. मी म्हणालो, की अठ्ठाविसाच्या आत असा जोडून देईन, की तुमच्या वडिलांच्या अंगठ्यालाही कळणार नाही. आणि त्याच झपाट्यात, चार महिने घशात अडकलेलं वाक्यही बाहेर पडलं: रविवारी पुलापर्यंत फिरायला याल का? ती म्हणाली, आधी स्वेटर, मग रविवार. स्वेटर काढून, घडी करून, पिशवीत घालून मला दिला आणि संध्याकाळी डॉक्टरांचा पांढरा कोट घालून घरी गेली.

आत्या, मला सुई धरता येत नाही. तू शाळेत तीस वर्षं मुलींना विणकाम शिकवलंस. मला पत्रानं शिकव. बाबांना एक अक्षर सांगू नकोस, नाहीतर ते म्हणतील, याच्यासाठी सोडलं का कॉलेज.

लोभ आहेच, तो या प्रसंगी ताणून घ्यावा.
तुझा,
भडकू

६ नोव्हेंबर

चि. भडकूस,
अ. उ. आ. (अर्धे आत्ता घे, उरलेले काम जमल्यावर.)

तीस वर्षांत सातवीच्या मुलींनी माझ्यापुढे नाना प्रताप केले, पण बाहेर आलेला फासा कापणारी एकही निघाली नाही. अरे, तो आत ओढून घ्यायचा असतो. कुणाच्या तोंडून जरा जास्त शब्द बाहेर आला म्हणून जीभ कापतोस का? असो. ज्यांच्याशी भांडून कॉलेज सोडलंस, त्या प्राध्यापकांच्या बाबतीत तू जवळजवळ तेही केलं होतंस.

सोबत पार्सल आहे. त्यात लाल लोकरीचे दोन तुकडे आहेत, एकेका सुईवर. सुयांच्या टोकांना बाटलीची बुचं लावलीत, ती काम सुरू करशील तेव्हाच काढ, नाहीतर टाके घरंगळतील. दोन तुकड्यांमधली अर्धी ओळ मी पांढऱ्या लोकरीनं जोडून ठेवलीय आणि सुई तशीच लटकत सोडलीय. आधी दोन दिवस नुसतं बघ. पांढरी लोकर कुठून शिरते, कुठून निघते, ते बोटानं गिरव. मग पुढची अर्धी तू कर.

कृती अशी. दोन्ही सुया एकीमागे एक धरायच्या, तुकड्यांच्या उलट बाजू आत. ओवायची सुई बोथट. पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात सुलट जा आणि तो काढ, लगेच दुसऱ्यात उलट जा आणि तो ठेव. मग मागच्या सुईच्या पहिल्यात उलट जा, काढ, आणि दुसऱ्यात सुलट जा, ठेव. ही चार पावलं. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक टाक्यात सुई दोनदा जाते, आणि दुसऱ्यांदा गेल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. ओढायचं मुळीच नाही. सैल ठेव, ओळ संपली की सुईच्या टोकानं एकेक टाका सारखा करता येतो. आणि चार पावलं पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही. दारात कोणीही येवो. तीही.

दहा वेळा तुकड्यांवर करून बघ, मगच स्वेटरला हात लाव. एक आधीच सांगते, हे काम जमलं तर कोणालाही दिसत नाही. शाबासकीची वाट बघत बसू नकोस.

दादानं पार्सल बांधताना पाहिलं आणि कोणासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका मुलीसाठी. खोटं नाही बोलले.

पोटभर जेवत जा, म्हणजे लोभ पोचला असं मी समजेन.
आत्या

९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. दोन दिवस बघत बसायला मी काही बगळा नाही, त्यामुळे त्याच संध्याकाळी सुरुवात केली. परिणाम या पाकिटात घातलाय. त्याला ओळ म्हणता येणार नाही, शेताचा बांध म्हणता येईल. तिसऱ्या प्रयत्नाला मी दोन्ही सुया काचा घासायच्या पाण्यात फेकल्या. मालकांनी त्या बाहेर काढल्या, पुसल्या आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवल्या. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरखाली हात घालून करतो. सुलट काढ, उलट ठेव, उलट काढ, सुलट ठेव. झोपेतही हेच. काल ती जिना उतरताना थांबली आणि विचारू लागली, की हे काय पुटपुटता, नवस बोललात का कसला? मी म्हणालो, तुमचा स्वेटर. त्यावर म्हणाली, स्वेटर देवाला सोडू नका, मला परत हवाय. आणि गेली. आत्या, ती हसत होती की नाही ते मला कळलं नाही, कारण तू मान वर करायची नाही म्हणून ठेवलंयस. चौथं पाऊल होईपर्यंत ती वर पोचलेली.

आणि मला एक कळत नाही. इतकी मरमर करायची आणि दिसायचं काहीच नाही, तर मग फायदा काय? गालिच्याचं, चादरीचं विणकाम लोक बघतात तरी. हे म्हणजे रात्रभर अभ्यास करून कोरा पेपर देण्यासारखं आहे. तोही अनुभव आहे मला.

राग मानू नये, मानलाच तर पत्रातून मानावा.
तुझा,
भडकू

१२ नोव्हेंबर

चि. भडकूस,
अ. उ. आ.

तुझा बांध मिळाला. खिडकीपाशी नेऊन वाचला. वाचला म्हणते, कारण त्यात सगळं लिहिलेलं आहे. पहिले सहा टाके चांगले आहेत, अगदी चांगले. सातव्याला गिऱ्हाईक आलं आणि तू दोन पावलांवरच उठलास. अकराव्याला कोणावर तरी चिडलास, तिथून लोकर वायरसारखी ताठ आहे. पंधराव्याला ती जिन्यावरून गेली असणार, कारण तिथून पुढचे तीन टाके तू घेतलेलेच नाहीत. आणि हा सगळा बांध झाला कशानं, तर तू तुकड्यांच्या उलट बाजू बाहेर धरल्यास. पत्र पुन्हा वाच, सावकाश. पत्रातही तू चारातली दोनच वाक्यं वाचतोस.

फायदा काय, म्हणून विचारलंस. अरे, तू चष्मे बसवतोस ना? गिऱ्हाइकाला काच दिसायला लागली तर तू ती चांगली म्हणशील की पुसायला घेशील? यापुढे असले प्रश्न मला विचारू नकोस, मालकांना विचार.

आणखी दोन जोड तुकडे पाठवते. या वेळी मधे मी काही केलेलं नाही, सगळं तुझं तू.

तुझ्या दातवालीबद्दल मला मत विचारलं नाहीस, तरी देते. फाटका स्वेटर ज्यानं फाडला त्याच्याच हातात देते, म्हणजे एक तर ती फार भोळी आहे, नाहीतर तुला बघायचं आहे तिला. नवस वगैरे बोलण्यावरून भोळी वाटत नाही.

ओढू नये, सोडू नये, असा लोभ ठेवावा.
आत्या

१६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घात झाला. हे पत्र वाचलंस की दुसरं काही करू नकोस, आधी उत्तर लिही.

सहा वेळा तुकडे जोडून झाले. शेवटचे दोन मलाच ओळखू येईनात, जोड कुठे आहे ते शोधावं लागलं. मग माझ्या अंगात आलं. तू दहा म्हणाली होतीस, मी सहावरच स्वेटर काढला. कापलेली ओळ आधी साफ करायची, म्हणजे तुटकी लोकर ओढून काढायची आणि वरचे-खालचे टाके सुयांवर घ्यायचे, हे माझं मीच शोधून काढलं. लोकर इतकी छान सुटत गेली, की मी ओढत राहिलो. थांबलो तेव्हा थेट दोन्ही बाजूंच्या शिवणी आल्या होत्या. पाठीचे दोन तुकडे झाले, आत्या. खालचा वेगळा, वरचा वेगळा. आधी भोक होतं, आता दार आहे.

तरी मी डोकं शांत ठेवलं. सगळे टाके सुयांवर घेतले, बुचं लावली, मोजले. खाली ब्याण्णव. वर एक्याण्णव. पुन्हा मोजले. खाली ब्याण्णव, वर एक्याण्णव. चार वेळा. एक टाका हरवलाय. मी खाटेखाली शोधला, गादी झटकली, सतरंजी उचलली. हसू नकोस, त्या वेळी मला खरंच वाटलं की तो कुठेतरी गडगडत गेला असेल. खोलीत उंदीर आहे, त्याच्यावरही संशय घेतला.

आज तिनं जिन्यात विचारलं, कुठपर्यंत आलं? मी म्हणालो, जवळजवळ झालं. हे मी सरळ खोटं बोललो, आणि तिच्याशी बोललेलं माझं पहिलं खोटं. एक वेळ मनात आलं, की तिला सगळं सांगून स्वेटर परत द्यावा आणि दुसऱ्या गावाला निघून जावं. दुकानं सगळीकडेच असतात. मग बॅगेत काय काय घालायचं ते बघत होतो, तर स्वेटर कशावर ठेवावा कळेना. सुया काढल्या असत्या तर टाके सुटले असते. म्हणून राहिलो.

लोकरीची चिंता नाही. तिच्या वडिलांनी स्वेटरबरोबर लिंबाएवढा गुंडा दिला होता, तो तिनं पिशवीत घातलाय. चिंता त्या एका टाक्याची आहे. तो कुठून आणू?

लोभ असेलच, पण आधी टाका.
तुझा,
भडकू

१८ नोव्हेंबर

चि. भडकूस,
अ. उ. आ.

टाका हरवलेला नाही. खाटेखालून बाहेर ये.

मी चूक केली, हे तुला सांगायला हवं होतं. माझ्या विद्यार्थिनी कधी विणलेल्या कापडाला मधूनच चिरत नाहीत, म्हणून सांगायची सवय नाही. नीट ऐक. खालच्या तुकड्याला जे वर तोंड करून उभे आहेत ते खरे टाके, ब्याण्णव. वरच्या तुकड्याला जे खाली लोंबतायत ते टाके नव्हेत, दोन टाक्यांमधल्या जागा आहेत. हाताची बोटं पाच, त्यांमधल्या फटी चार. म्हणून एक कमी. दोन्ही कडांना, शिवणीत बघ, अर्धा अर्धा फासा लपलेला असेल. सुरुवातीला एका अर्ध्यातून सुई घाल, शेवटी दुसऱ्या अर्ध्यातून. हिशेब पुरा.

उलट तुझ्या उतावळेपणानं एक बरंच झालं. शिवणीपासून शिवणीपर्यंत एकच ओळ जाईल, मधेच लोकर सुरू झाल्याची, संपल्याची खूण राहणार नाही. पण हे तुझ्या अकलेचं श्रेय नाही, हे लक्षात ठेव. लोकर ओळीच्या चौपट तोड, मधे पुरली नाही तर गाठ मारावी लागेल. ब्याण्णव टाके म्हणजे तुला चार तास लागतील. रविवारी सकाळी कर, दार आतून लावून. चिडलास तर उठून पाणी पी, पण चौथं पाऊल टाकून.

एक कबुली. तुझं पत्र वाचताना मला खाटेखालच्या टाक्यापाशी इतकं हसू आलं, की दादानं ते हातातून घेतलं. सगळं वाचलं. मला वाटलं आता स्फोट होणार. तो एवढंच म्हणाला, की अजून शोधतोय म्हणजे सोडलेलं नाही. आणि चष्मा पुसत आत गेला.

तिला खरं सांगून टाक. दार झालंय हे तिलाही कळू दे, स्वेटर तिचा आहे.

आशीर्वादाचा दुसरा हप्ता तयार ठेवलाय.
आत्या

२८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दातवालीच्या खोलीत, तिच्या टेबलाशी बसून लिहितोय. समोरच्या खुर्चीत तिचे वडील बसलेत. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, मला दर दोन ओळींनी मान वर करावी लागतेय.

तू सांगितलंस तसं तिला शनिवारी, पत्र मिळाल्याबरोबर, सगळं सांगितलं. सुया, बुचं, दोन तुकडे, सगळं दाखवलं. तिनं तोंडावर हात धरला. मला वाटलं रडणार, पण ती वरचे टाके मोजायला बसली. एक्याण्णव, म्हणाली, एक कुठे गेला? आत्या, मी तिला बोटं आणि फटी समजावून सांगितल्या. मी. समजावून. तिनं दोनदा विचारलं आणि मी दोनदा सांगितलं, आवाज न चढवता. दुसऱ्या दिवशी, एकवीस तारखेच्या रविवारी, साडेआठला बसून एक वाजता ओळ पुरी झाली होती. आठवडाभर आम्ही दोघांनी उजेडात धरून, पालथा करून, ताणून बघितलं. काही दिसत नव्हतं. तिनं तो डॉक्टरांनाही दाखवला. दातातली कीड शोधणाऱ्या माणसाला जोड सापडला नाही म्हणजे झालंच, असं आम्हाला वाटलं.

आज दुपारी दोनला गार्डसाहेब आले. मी ठरवून नव्हतो आलो, डॉक्टरांचा चष्मा तिच्याजवळ देण्याच्या निमित्तानं आलो होतो. गार्डसाहेबांच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली आहे, तो विषय पुढच्या पत्रात. त्यांनी टोपी काढली, पाणी प्याले आणि स्वेटर मागितला. डोळे मिटून अंगठा फिरवत निघाले. कॉलर, खांदे, बाह्या. पाठीवर आले. कमरेच्या वर अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा आला. मग डोळे उघडून म्हणाले, ही ओळ माझी नाही.

आता कसं कळलं ते ऐक. त्यांची उलट ओळ कायम सैल येते, सुलट घट्ट. आयुष्यभर. त्यामुळे सगळ्या स्वेटरभर एक सैल, एक घट्ट, असे पट्टे आहेत, जे आम्ही दोघांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यात माझी एकच ओळ धड सारखी. म्हणजे मी पकडला गेलो तो काम बिघडलं म्हणून नाही. हे मी गर्वानं लिहीत नाहीये, थोडं लिहितोय.

ती पटकन म्हणाली, की जिन्यातला खिळा लागला होता. माझ्यासाठी खोटं बोलली, आत्या, स्वतःच्या वडिलांशी. मी म्हणालो, खिळा नाही, मी होतो. मी कापला आणि मीच जोडला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. काय शिकता, विचारलं. कॉलेज सोडलं, दुसऱ्या वर्षात. मी सातवीत शाळा सोडली होती, ते म्हणाले, पण माझ्या बापानं मला बदडलं होतं. तुमच्या बापानं? मी म्हणालो, ते बोलत नाहीत. त्यावर ते म्हणाले, ते जास्त लागतं. आणि उठून पिशवीत हात घातला. मला वाटलं काठी काढतायत. काढला तो मोजा.

चाळीस वर्षं ते मोजे विणतात आणि पुढचं टोक जोडता येत नाही म्हणून दोरी ओढून पिशवीसारखं आवळतात. तिथे सुपारीएवढी गाठ होते आणि ती चाळीस वर्षं बुटात टोचते. ड्यूटीवर उभं राहायचं आणि ती टोचायची. मोजा माझ्यापुढे धरून म्हणाले, दाखवा.

तर दीड तास झाला, मी दाखवतोय. बत्तीस टाके, सोळा सोळा. दोनदा उसवून झालं. ते चिडतात, सुई आपटतात, माझ्याकडे बघून म्हणतात की तुमची पद्धतच चुकीची आहे. मी म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून. मला तू आठवतेस आणि थोडी दयाही येते तुझी. ती मघापासून स्वेटर घालून दारात उभी आहे. चपला घातलेल्या, केस दोनदा विंचरून झाले. एकदा तिनं घड्याळ दाखवलं. एकदा खिडकीतून पुलाकडे बोट दाखवलं. ऊन कलायला लागलंय. मी खुणेनं सांगितलं, की ओळ अर्ध्यात आहे, मला उठता येत नाही. या वेळी ती हसली ते मी नीट पाहिलं.

बाबांना सांग, हे पत्र त्यांनी थेट वाचलं तरी चालेल. उरलेले आशीर्वाद पाठव, आणि बारक्या सुयाही, मोज्याला जाड पडतात.

लोभ सैल धरावा, तो सुटत नाही.
तुझा,
भडकू

ता. क. – पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात गार्डसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, “तुम्ही माझ्या बोटांकडे बघता म्हणून चुकतं. जा दोघं. आणि दार लावून घ्या, वाऱ्यानं लोकर उडतेय.” ओठ हलतायत त्यांचे, उलट काढ, सुलट ठेव, बरोबर चाललंय. तिनं बाहेरूनच हाक मारली. आजवर चला म्हणायची, आज चल म्हणाली. पत्र पुलाजवळच्या पेटीत टाकतो. मी उठलो, निघालो. दार लावून घेतो.